झडप बंद असताना पावसाचे पाणी कुठे थांबणार?

आपला प्रश्न मी जसा समजले तसा आधी मांडते, म्हणजे उत्तर भलत्या दिशेने जाणार नाही. नेरूळच्या खाडीकडील बाजूस, धारण तलावापासून दोनेकशे मीटरवर, तळमजला अधिक चार मजले अशी आपली जुनी सोसायटी आहे. गेल्या पावसाळ्यात आवारात दोनदा पाणी आले. पहिल्यांदा भर दुपारी, पाऊस जवळपास नसताना, घोट्याएवढे पाणी आले आणि दोन तासांत उतरले. दुसऱ्यांदा जोरदार पावसात ते गुडघ्याच्या वर चढले, तळमजल्यावरच्या तीन घरांत शिरले आणि मीटर रूममध्ये गेल्याने दोन दिवस वीज नव्हती. कंपाउंडची भिंत तीन फूट उंच करावी आणि आवारात फूटभर भराव घालावा, असे कंत्राटदाराने सुचवले आहे. तलावातली खारफुटी वाढल्यामुळेच हे होते, ती काढून टाकावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. तळमजल्यावरचे एक कुटुंब घर विकण्याचा विचार करते आहे. यांतले आधी काय करावे, असे आपण विचारले आहे.

पावसाळी नाले, खाडीकाठचे बांध आणि झडपा यांच्या कामात मी तीस वर्षांहून अधिक काळ घालवला आहे, त्यातला बराचसा ठाणे आणि नवी मुंबईत. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते. आपल्याकडे दोन वेळा आलेले पाणी हे एकाच आजाराचे दोन झटके नाहीत. दुपारी पावसाशिवाय आलेले पाणी खाडीचे होते आणि ते गटारातून उलटे आले. दुसऱ्या वेळचे पाणी बहुतांशी पावसाचे होते, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. पहिल्या दुखण्याला थोड्या खर्चात आळा घालता येतो. दुसरे सोसायटीच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यात आपण फक्त नुकसान कमी करू शकतो आणि महानगरपालिकेकडे नेमके मागणे मांडू शकतो. हे दोन्ही वेगळे न करता भिंतीवर खर्च केला, तर पैसे जातील आणि पाणी तसेच राहील.

नवी मुंबईचे खाडीकडील नोड, म्हणजे नेरूळसारखे शहराचे विभाग, ज्या जमिनीवर उभे आहेत, तिचा मोठा भाग पूर्वीची खाजणे, भातखाचरे आणि मिठागरे यांचा आहे. उधाणाच्या भरतीची पातळी यांतल्या कित्येक ठिकाणी रस्त्यांच्या पातळीला येऊन भिडते. हे सिडकोला ठाऊक होते, म्हणून डच पद्धतीवर धारण तलाव, म्हणजे आपण ज्यांना होल्डिंग पाँड म्हणतो ते, आखले गेले. योजना साधी आहे. वसाहतीचे पावसाळी पाणी तलावात येते, आणि तलाव व खाडी यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. झडप बंद असते तेवढे तास पडणारा पाऊस तलावाने पोटात साठवायचा असतो. आपल्या आगरी शेतकऱ्यांच्या खारबंदिस्तीतली, म्हणजे खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधातली, उघाडी याच तत्त्वावर चालायची. करावे, सारसोळे या गावांतल्या जुन्या माणसांना उघाडीचे काम कसे चालते ते आजही समजावून सांगावे लागत नाही.

आता एक हिशेब पाहा, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. एक चौरस किलोमीटर वसाहतीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 1 लाख घनमीटर पाणी होते, आणि सगळीकडे डांबर, काँक्रीट व पेव्हर ब्लॉक असल्यामुळे त्यातले फारच थोडे जमिनीत मुरते. 10 हेक्टरच्या तलावात वापरण्याजोगी खोली 1 मीटर असेल, तर त्याची साठवण बरोबर तेवढीच, 1 लाख घनमीटर. त्या तलावात 30 सेंटिमीटर गाळ बसला की 30 हजार घनमीटर जागा गेली, आणि तेवढे पाणी रस्त्यावर, चेंबरमधून आणि शेवटी आपल्या आवारात जागा शोधते. हे आकडे आपल्या तलावाचे नाहीत, प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत. आपल्या तलावाचे क्षेत्र, त्याला मिळणारा परिसर आणि आजची खोली ही माहिती महापालिकेच्या अभियांत्रिकी विभागाकडून मागून घ्यावी, आणि मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

आपले पाणी नेमके कुठले, याची खात्री करून घेण्याचा मार्ग अवघड नाही. पाणी फिल्टर बसवायला येणाऱ्या माणसाकडे पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, असतो, तो स्वस्तात विकतही मिळतो. आवारात पाणी आले की ते एका स्वच्छ बाटलीत भरून घ्यावे आणि मीटर त्यात बुडवावा. पावसाचे किंवा सांडपाणी मिसळलेले पाणी साधारण शेकड्यांत आकडा दाखवते. खाडीच्या पाण्याचा आकडा हजारांत जातो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तर साध्या मीटरची पट्टीच संपते. भर पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी मिसळत असल्यामुळे आकडा उतरतो, म्हणून एका नमुन्यावर निर्णय करू नये, वेळेचीही नोंद ठेवावी. पाणी पहिल्यांदा कोणत्या चेंबरच्या झाकणातून वर आले, किती वाजता आले, सर्वांत जास्त कधी होते आणि किती वाजता उतरू लागले, या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. आवाराच्या फाटकापाशी एका खांबावर ऑइल पेंटने दर 5 सेंटिमीटरला रेघ ओढून ठेवावी आणि वॉचमनला सांगावे की दर अर्ध्या तासाला मोबाइलवर फोटो काढ. अशा बारा-पंधरा फोटोंमधून जे कळते ते मोठ्या खर्चाच्या अहवालातूनही कधी कधी कळत नाही.

त्या नोंदी भरतीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहाव्यात. मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत येते. आपल्या किनाऱ्यावर ती उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते, आणि दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, म्हणून 4.5 मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची जी यादी दर वर्षी जाहीर होते, तिच्यातल्या वेळा बहुतेक दुपारच्या असतात. आपले पावसाशिवायचे पाणीही दुपारीच आले होते, हे इथे जुळते. तक्ता मुंबई बंदराचा असतो आणि खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, त्यामुळे आपल्या खांबावरची वेळ तक्त्याहून मागे पडली तर गोंधळून जाऊ नये.

पातळीच्या बाबतीत एक चूक मी शिकलेल्या लोकांकडूनही वारंवार झालेली पाहिली आहे. भरतीच्या तक्त्यातले 4.5 किंवा 4.8 मीटर हे समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेले नसतात. ते नौकानयनाच्या नकाशातल्या तळपातळीपासून मोजलेले असतात, आणि सरासरी समुद्रपातळी त्या तळाच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे तक्त्यातली 4.8 मीटरची भरती सरासरी समुद्रपातळीपासून साधारण 2.3 मीटर उंच असते. सर्वेक्षकाच्या नकाशात जोत्याची पातळी सहसा सरासरी समुद्रपातळीपासून दिलेली असते. आपले जोते 3.2 मीटरवर आहे असे नकाशात असेल आणि कोणी त्याची तुलना थेट 4.8 शी केली, तर उगाच घबराट पसरते. म्हणून कोणत्याही कंत्राटदाराने पातळी सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारावा की ही कशापासून मोजली आहे. आपल्यासाठी एका सर्वेक्षकाला एक दिवस बोलावून आवारातले सर्वांत खालचे चेंबर, फाटकाजवळचा रस्ता, जोते, मीटर रूमची फरशी आणि भूमिगत टाकीचे तोंड या पाच पातळ्या एकाच आधारापासून घेणे, हा मी सुचवत असलेला पहिला खर्च आहे.

आता भिंत आणि भराव. पाणी चेंबरमधून वर येत असेल तर भिंत ते अडवणार नाही, उलट आत आलेले पाणी बाहेर जाऊ देणार नाही. शिवाय कंपाउंडची भिंत पाणी अडवण्यासाठी बांधलेली नसते. 1 मीटर उंचीचे पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 500 किलोचा रेटा देते, आणि उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट होतो. जुन्या विटांच्या भिंतीवर तीन फूट वाढवून तिच्यामागे पाणी साठू दिले, तर ती एखाद्या रात्री उभ्या गाड्यांवर किंवा माणसांवर पडेल. भरावाचे दुखणे वेगळे आहे. आवार फूटभर उचलले की तळमजल्याची घरे खड्ड्यात जातात आणि आवारात पडणारा पाऊसच त्यांच्या उंबऱ्याकडे वळतो. रस्त्याच्या डांबरीकरणात नेमके हेच होत आले आहे. जुना थर न खरवडता वर नवा थर चढवत गेल्यामुळे किती सोसायट्यांची फाटके रस्त्याच्या खाली गेली, ते आपल्या सेक्टरमध्ये एक फेरी मारली तरी दिसेल. रस्त्याचे काम निघेल तेव्हा आधी जुना थर खरवडण्याची लेखी मागणी करावी. तिला सोसायटीचा एक पैसा लागत नाही, आणि तिचा उपयोग भिंतीपेक्षा अधिक आहे.

खाडीच्या उलट्या पाण्यावरचा उपाय असा की, आवाराचे पावसाळी गटार जिथे रस्त्याच्या गटाराला मिळते, त्या शेवटच्या चेंबरमध्ये एकतर्फी झडप बसवावी. मैलापाण्याची वाहिनी वेगळी असते, तिच्या शेवटच्या चेंबरमध्येही स्वतंत्र झडप लागते, नाहीतर पावसाळी गटार बंद करून पाणी तळमजल्याच्या संडासातून वर येईल. झडप बसवली की काम संपले, असे मात्र होत नाही. काही वर्षांपूर्वी एका नोडमधल्या तलावाच्या झडपेवर मला बोलावले होते. तक्रार अशी की पाऊस नसतानाही तलाव भरतो. पहाटेच्या ओहोटीला आम्ही गमबूट घालून खाली उतरलो. लोखंडी झडप आणि तिची चौकट यांच्यामध्ये मांडवाच्या बांबूचा हातभर तुकडा आडवा अडकला होता, त्याला चिखल लागून तो दगडासारखा झाला होता. तीन इंचांची फट होती. त्या फटीतून प्रत्येक भरतीला खाडी आत येत होती, तलाव आधीच निम्मा भरलेला असायचा, आणि पाऊस आला की त्याला जागाच नसायची. तो बांबू काढायला दहा मिनिटे लागली. त्याआधी दोन पावसाळे लोक घरात पाणी सहन करत होते. मला त्या दिवशी जे वाईट वाटले ते अजून जात नाही, कारण ओहोटीच्या वेळी कोणीतरी खाली उतरून पाहणे एवढेच त्या कामाला हवे होते. म्हणून आपली छोटी झडपही पावसाळ्यात दर आठवड्याला, ओहोटीला, उघडून साफ झाली पाहिजे आणि त्या माणसाचे नाव वहीत असले पाहिजे.

झडप बसवल्यावर पुढचा प्रश्न लगेच येतो. ती बंद असताना आवारात पडणारा पाऊस कुठे जाईल? आपला भूखंड 2,500 चौरस मीटर धरला आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला, तर तासाला 1 लाख 25 हजार लिटर पाणी होते. भरती उंच असताना झडप तीन तास बंद राहिली तर पावणेचार लाख लिटर. सगळे साठवता येण्यासारखे हे पाणी नाही, पण इमारतींच्या गच्चीचे पाणी वेगळे काढून वरच्या पातळीवरून थेट रस्त्याच्या गटारात सोडले, तर आवारातला बोजा बराच कमी होतो, कारण उंचावरून येणाऱ्या पाण्याला झडप लागत नाही. उरलेल्यासाठी सर्वांत खालच्या कोपऱ्यात खड्डा आणि पंप लागतो. पंप किती अश्वशक्तीचा, हे मी नोंदींशिवाय सांगणार नाही. पंपाचे पाणी कुठे सोडणार, याचे उत्तर आधी ठरवावे. फाटकासमोरच्या रस्त्यावर सोडले तर ते शेजारच्या सोसायटीत जाईल किंवा फिरून आपल्याकडेच येईल. बाजूच्या सोसायट्यांशी बोलून उंचावरच्या एकाच गटारात सोडण्याची परवानगी घेणे, हा मला योग्य मार्ग वाटतो.

खारफुटीच्या बाबतीत मी स्पष्ट लिहिते. खाडीकाठची तिवरे लाटांचा आणि वाऱ्याच्या रेट्याचा जोर मोडतात आणि काठाची माती धरून ठेवतात. ती गेली तर बांध उघडा पडतो आणि पुढच्या उधाणात त्याला खांड पडते. धारण तलावाच्या आत उगवलेल्या कांदळवनाचा, म्हणजे याच खारफुटीचा, प्रश्न खरोखर कठीण आहे, हेही मान्य करते. तिथे ते साठवणीची जागा घेते, गाळ धरते आणि झडपेकडे जाणारा प्रवाह मंदावतो. तरीही ते कापणे हा सभासदांचा निर्णय होऊ शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने आणि 2018 च्या निकालाने कांदळवनाला संरक्षण आहे, तोड हा गुन्हा आहे, आणि सार्वजनिक कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. झडपेसमोरचा मुख्य प्रवाहमार्ग आणि झडपेबाहेर खाडीपर्यंतचा नाला तेवढा मोकळा करण्यासाठी महापालिकेने रीतसर परवानगी घ्यावी, ही मागणी कायद्यात बसते आणि तांत्रिकदृष्ट्याही तीच नेमकी आहे. सगळा तलाव खरवडण्याची गरज बहुधा नसते.

झडपेबाहेरच्या नाल्यावर मी एवढा भर का देते, ते समुद्रपातळीच्या संदर्भात सांगते. जगाची सरासरी समुद्रपातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटरने वाढली. उधाणाला पाणी मधल्या पातळीवर असताना तासाला साधारण 1 मीटर उतरते. म्हणजे समुद्र 10 सेंटिमीटर वर आला तर झडप सुमारे सहा मिनिटे उशिरा उघडेल आणि सहा मिनिटे लवकर बंद होईल, आणि झडप खालच्या पातळीवर असेल तर त्याहूनही अधिक वेळ जाईल. दर ओहोटीला गेलेली ही मिनिटे पुढच्या पिढीला जड जाणार आहेत, आणि आज जी झडप किंवा पंप बसेल तो त्या पातळीचा विचार करूनच बसला पाहिजे. पण झडपेबाहेर नाल्यात फूटभर गाळ साठला, तर आतल्या पाण्याला ज्या पातळीशी झगडावे लागते ती आजच फूटभर वर जाते. वरच्या वेगाने समुद्राला तेवढे चढायला 80 वर्षे लागतील. गाळ ती 80 वर्षे काही पावसाळ्यांत आणून ठेवतो.

वादळाचाही विचार करावा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि 17 मे 2021 रोजी तौक्ते मुंबईच्या समोरून समुद्रातून गेले. दोन्ही वेळी नवी मुंबईत झाडे पडली, पत्रे उडाले. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर वर येतो, आणि वारा खाडीच्या तोंडाकडे पाणी लोटतो ते वेगळे. हे पाणी भरतीच्या तक्त्यात नसते. म्हणून वादळाचा इशारा असेल त्या दिवशी तक्त्यातल्या आकड्यावर अर्धा-पाऊण मीटर राखून चालावे, असे मी माझ्या कामात नेहमी केले आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसापुढे कोणताही तलाव आणि पंप पुरणार नाही, तिथे फक्त माणसे आणि वीज वाचवायची असते.

त्यामुळे मीटर रूम हे माझ्या यादीतले पहिले बांधकाम आहे, भिंतीच्या आणि पंपाच्याही आधी. गेल्या वेळच्या पाण्याच्या खुणेपेक्षा किमान 60 सेंटिमीटर वर मीटर आणि मुख्य स्विच न्यावेत. ते काम वीज कंपनीची परवानगी घेऊन परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. लिफ्ट असेल तर पाणी येताना ती वरच्या मजल्यावर नेऊन बंद करण्याची सवय वॉचमनला लावावी. भूमिगत टाकीचे तोंड आणि हवेचा पाइप उंच करावा, कारण एकदा खाडीचे किंवा मैलापाणी टाकीत गेले की सगळ्या इमारतीच्या आरोग्याचा प्रश्न होतो. आवारात पाणी असताना वीज चालू ठेवून कोणीही त्यात उतरू नये. पाण्यातून चाललेल्या माणसाच्या पायाला जखम असेल तर लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, शक्यतेने लगेच डॉक्टरांना दाखवावे. पाणी खारे होते असे कळले, तर खांबांचे खालचे भाग आणि गेटची लोखंडी कामे गोड्या पाण्याने धुवावीत, कारण काँक्रीटमध्ये शिरलेला क्षार आतल्या सळया गंजवतो आणि त्याचे तडे काही वर्षांनी दिसतात. सोसायटीच्या विमा पॉलिसीतून पूर आणि वादळ वगळलेले नाही ना, हेही मे महिन्यापूर्वी पाहावे.

तळमजल्यावरच्या कुटुंबाने घर विकावे का, याचे उत्तर मी त्यांच्या जागी बसून देऊ शकत नाही. त्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे का, कर्ज किती आहे, यावर ते अवलंबून आहे. एवढे सांगते की निर्णय एका पावसाळ्यापुरता थांबवावा. झडपा बसल्यावर पावसाशिवायचे पाणी थांबले, आणि जोत्याची पातळी गेल्या खुणेच्या जवळपास निघाली, तर दारात बसवता-काढता येणारी फूट-दीड फुटाची पाणीरोधक फळी आणि विजेचे प्लग कमरेच्या वर नेणे एवढ्यावर ते घर राहण्याजोगे होऊ शकते. जोते खुणेच्या बरेच खाली निघाले, तर त्यांनी वरच्या मजल्यावर जागा पाहावी, असे मी स्पष्ट म्हणेन. अशा वेळी सोसायटीने तळमजल्यावर पार्किंग किंवा कार्यालय नेण्याचा आणि पुनर्विकासात ती पातळी मोकळी ठेवण्याचा विचार आताच सुरू करावा.

महापालिकेला पत्र लिहिताना 'आमच्याकडे पाणी साचते' असे लिहू नये, कारण त्या पत्राला पंप पाठवू असे उत्तर येते आणि पंप पाणी उतरल्यावर पोचतो. पत्रात तीन गोष्टी मागाव्यात: आपल्या तलावाच्या झडपांची ओहोटीच्या वेळी, आपल्या प्रतिनिधीसमोर तपासणी, झडपेबाहेरच्या नाल्यातल्या गाळाची मोजणी, आणि पावसाळ्यात झडपेवर नेमलेल्या माणसाची नोंदवही पाहण्याची परवानगी. सोबत आपल्या खांबाचे फोटो, वेळा आणि टीडीएसचे आकडे जोडावेत. सर्वेक्षकाच्या पाच पातळ्या आणि पहिल्या दोन उधाणांच्या नोंदी हाती आल्या की त्या इथेच कळवा. पंपाची क्षमता आणि झडपेचा आकार मी त्यावरून काढून देईन.